आयगेन आणि खासगी

'आयगेन व्हॅल्यू' काढल्याशिवाय कोणी इंजिनिअर होत नाही. पण हे आयगेन साहेब कोण, असं विचारलं की बरेच जण म्हणतात, असेल कोणी जर्मन गणिती! मानफ्रेड आयगेन नावाचे शास्त्रज्ञ होते खरे, 1967चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले, पण त्यांचा इथे काही संबंध नाही. आयगेन हे साधं जर्मन विशेषण आहे. अर्थ: स्वतःचं.

हिल्बर्टच्या 1904च्या लेखापासून ते गणितात रुळलं. मॅट्रिक्सने गुणलं की बहुतेक व्हेक्टर दिशा बदलतात. काही मोजके मात्र आपली रेषा सोडत नाहीत, फक्त लांबी कमी-जास्त होते. ते त्या मॅट्रिक्सचे 'स्वतःचे'. 1908मध्ये मिन्कोव्स्कीने प्रत्येक वस्तूच्या स्वतःच्या घड्याळातल्या वेळेला हेच विशेषण लावलं. 1926मध्ये श्रोडिंगरने अणूतल्या ऊर्जेच्या पायऱ्या आयगेन व्हॅल्यू म्हणून काढल्या. 1998मध्ये आलेलं गूगलचं पेजरँक म्हणजेसुद्धा वेबवरच्या लिंकांच्या मॅट्रिक्सचा आयगेन व्हेक्टरच. आणि रोजच्या जर्मनमध्ये 'आयगेनटुम' म्हणजे चक्क मालमत्ता!

आता मालमत्तेवर आलोच आहोत तर थेट वारंगा फाट्यावर चला. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या या फाट्याची खिचडी 'खास', असं आपण सहज म्हणतो. पण 1948पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यात 'खास'चा अर्थ होता आयगेन! दिवाणी जमीन म्हणजे सरकारची. 'सर्फ-ए-खास' म्हणजे निजामाची स्वतःची, राज्याचा जवळपास दहावा हिस्सा. तिथल्या शेतकऱ्याने भरलेला सारा सरकारी खजिन्यात नाही, निजामाच्या खाजगी तिजोरीत जायचा. सप्टेंबर 1948च्या पोलीस कारवाईनंतर, 1949मध्ये, ही जमीन दिवाणीत विलीन झाली.

याच 'खास'पासून आपला 'खासगी' आला. होळकरांच्या राज्यातही सरकारी दौलत वेगळी आणि खासगी वेगळी होती. अहिल्याबाईंनी मात्र खासगीतून देशभर घाट, मंदिरं, धर्मशाळा बांधल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या जीर्णोद्धाराचं श्रेयही त्यांनाच देतात.

म्हणजे विशेषण तेच, 'स्वतःचं'. एकीकडे रयतेचा पैसा राजाच्या खाजगीत गेला, दुसरीकडे राणीची खासगी लोकांच्या कामी आली. मॅट्रिक्सचं बरं असतं, तिचं 'स्वतःचं' काय ते गणितानेच ठरतं. माणसांच्या बाबतीत मात्र ते कोण ठरवतं, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं.