वाऱ्याची सावली : कल्याण-ठाण्याची बंदरे आणि खाडीकाठचे मनोरे

१/ दुपारी चारच्या सुमारास कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर उभे राहिले की पश्चिमेचा वारा थेट अंगावर येतो. ठाण्यात कोलशेतच्या काठावर, त्याच खाडीवर, तो बहुधा तुकड्यातुकड्यांनी येतो : घटकाभर झोत, घटकाभर शांतता. हा फरक का पडतो, आणि शिवकालीन आरमाराचा अभ्यास करणाऱ्याने त्याची दखल का घ्यावी, याविषयी आजचा #थ्रेड.

२/ प्रथम भूगोल. उल्हास नदी कल्याणपाशी खाडीचे रूप घेते. डोंबिवली आणि मुंब्र्याच्या कडेने ती पश्चिमेकडे येते, काल्हेर-कोलशेतच्या मधून वायव्येला वळते आणि गायमुख-घोडबंदरवरून वसईला समुद्रास मिळते. ठाण्यापाशी या प्रवाहाचा एक फाटा दक्षिणेकडे निघून ठाणे खाडीला जोडला जातो. कल्याणहून समुद्र गाठायचा तर वाटा दोनच : एक वसईची, दुसरी ठाण्यावरून मुंबईची.

३/ या वाटा फार जुन्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी येथील पितळ, शिसवी लाकूड आणि कापड यांची नोंद करतो. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओडोरिक हा ख्रिस्ती साधू होर्मुझहून ठाण्यास आला; त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या प्रवासाला २८ दिवस लागले.

४/ अरबी समुद्र ओलांडण्यासाठी मोसमी वारे होते, हे आपण शाळेत शिकतो. परंतु मोसमी वारा गलबताला किनाऱ्यापर्यंत आणून सोडतो. तेथून कल्याणचा धक्का सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आत. ही शेवटची मजल इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एका वाक्यात संपते. नाखव्यासाठी मात्र खरी कसोटी तेथेच सुरू होई.

५/ खाडीत दोन शक्ती कामी येत. पहिली भरती-ओहोटी : आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. दुसरी शक्ती वाऱ्याची. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन निवते आणि पहाटेपर्यंत मतलई वारे समुद्राकडे वाहतात.

६/ आता ही दोन चक्रे एकमेकांवर ठेवून पाहा. दुपारी भरती असेल, तर खारा वारा आणि पाणी दोन्ही गलबताला कल्याणकडे ढकलतील. पहाटे ओहोटी असेल, तर मतलई वारा आणि पाणी दोन्ही ते बाहेर काढतील. भरतीची वेळ रोज सरकत असल्याने असा योग रोज जुळत नसे. तो कधी जुळेल हे ओळखणे हे तांडेलाचे ज्ञान. पंचेचाळीस किलोमीटरची मजल एका ओहोटीत गाठणे वाऱ्याच्या साथीशिवाय जवळजवळ अशक्य; वारा पडला तर वल्ही, नाहीतर नांगर टाकून पुढच्या ओहोटीची वाट पाहणे.

७/ याच पार्श्वभूमीवर ऑक्टोबर १६५७ कडे पाहू. शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ताब्यात घेतली, खाडीकाठच्या टेकाडावर दुर्गाडी उभा राहिला आणि आरमाराच्या बांधणीस आरंभ झाला. कामावर रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा हे पोर्तुगीज जहाजबांधणीकार होते. १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फूस लावली आणि ते काम टाकून निघून गेले.

८/ पोर्तुगीज एवढे धास्तावले का? नकाशा पाहिला की कळते. वसई त्यांची, ठाणे त्यांचे आणि १६५९ मध्ये मुंबईही त्यांचीच. कल्याणला बांधलेले प्रत्येक गलबत समुद्रावर जायचे तर त्यांच्या तोफांच्या नजरेखालून जाणार. अशा वाटेवर नांगर टाकून पुढच्या ओहोटीची वाट पाहत बसणे म्हणजे संकटाला आमंत्रण. मजल एका दमात पार करता येते की नाही, हा प्रश्न शेवटी वाऱ्यापाशी येऊन थांबतो.

९/ येथे इतिहासकाराची अडचण सुरू होते. पत्रांत माणसे सापडतात, करार सापडतात, तक्रारी सापडतात. कोणत्या वळणावर कोणत्या प्रहरी शीड भरत असे, हे कोणी लिहून ठेवत नाही. ज्याला ते ठाऊक असे त्याला लिहिण्याची गरज नव्हती. मग आपण म्हणतो, खाडी तर तेथेच आहे, काठावर जाऊन वारा मोजू. मीही हेच करायला निघालो होतो.

१०/ खाडी तेथेच आहे, हे खरे. वारा मात्र तोच राहिलेला नाही. जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो, उंचीबरोबर तो वाढतो. उंच इमारत या वरच्या वेगवान वाऱ्याला अडवते. अडलेल्या वाऱ्याचा काही भाग माथ्यावरून जातो, काही दोन्ही कडांनी जोराने निसटतो, आणि बराचसा भिंतीवरून खाली घसरून पायथ्याशी भोवरे करतो. म्हणूनच मनोऱ्याच्या पायथ्याशी छत्री उलटी होते, आणि चार पावलांवर झाडाचे पान हलत नाही.

११/ इमारतीच्या मागे पडते ती वाऱ्याची सावली. उन्हाच्या सावलीला काठ असतो, हिला तो नसतो. आत वारा मंद असतो, पण दिशा सतत बदलते. दोन मनोऱ्यांच्या फटीतून मात्र तो झोताने येतो. शिडाच्या होडीला हे सर्वांत घातक. एकसारख्या मंद वाऱ्यात होडी हळू का होईना, चालते. शीड सैल पडलेले असताना अचानक बाजूने झोत आला तर ती कलंडते.

१२/ ही सावली किती लांब? शेताच्या कडेला वारा अडवण्यासाठी झाडांची रांग लावतात. तिचा चांगला परिणाम झाडाच्या उंचीच्या सुमारे दहापटीपर्यंत जाणवतो, पुसटसा त्याहूनही दूर. एकट्या मनोऱ्याचे गणित वेगळे. त्याच्या दोन्ही कडांनी वारा लवकर आत भरतो. पण मनोऱ्यांची रांग असेल तर ती भिंतीच्या जवळ जाते. चाळीस मजल्यांची इमारत म्हणजे सुमारे १२० मीटर. तिची दहापट म्हणजे १,२०० मीटर. आपली खाडी बहुतेक ठिकाणी काही शे मीटरच रुंद आहे.

१३/ पण उंचीइतकेच महत्त्व काठाला आहे. ठाण्यात कोलशेत-बाळकुमचे मनोरे खाडीच्या नैर्ऋत्य काठावर आहेत. वारा वायव्येचा असेल तर तो खाडीच्या लांबीने वाहत येतो आणि मनोऱ्यांचा अडसर कमी. पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असेल तर तो मनोऱ्यांवरून येतो आणि पाणी त्यांच्या सावलीत सापडते.

१४/ कल्याणला नेमके उलटे. शहर खाडीच्या पूर्वेस. दुपारचा खारा वारा भिवंडीकडच्या तुलनेने सखल काठावरून येतो, म्हणूनच दुर्गाडीवर तो आजही मोकळा लागतो. पहाटेचा मतलई मात्र शहरावरून खाडीत उतरतो, आणि तो मुळातच दुबळा. म्हणजे आज कोणी शिडाचे गलबत हाकू म्हणेल, तर ठाण्यापाशी त्याचे आत येणे अडेल आणि कल्याणपाशी बाहेर पडणे.

१५/ कोणी म्हणेल, येऊरचा डोंगर तर पूर्वीपासूनच आहे, त्याची सावली पडत नव्हती काय? पडत होती. पारसिकचीही पडत होती. पण डोंगर पिढ्यान्‌पिढ्या जागचा हलत नाही. त्याचा आडोसा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे बापाकडून मुलाकडे जाई. मनोऱ्यांची रांग दर दोन-चार वर्षांनी बदलते. पाठ करावी अशी सावली राहत नाही.

१६/ येथे एक गफलत टाळली पाहिजे. मनोऱ्यांनी शिडांचा व्यापार बुडवला नाही. तो त्याआधीच ओसरला होता. मुंबईच्या खोल बंदराने मोठी जहाजे ओढून घेतली. १६ एप्रिल १८५३ रोजी रेल्वे ठाण्यास पोहोचली आणि १ मे १८५४ रोजी कल्याणास. मालाला भरतीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ठाणे महानगरपालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवली १९८३ ची. खाडीकाठचे उत्तुंग मनोरे त्याहूनही अलीकडचे.

१७/ मग मनोऱ्यांनी काय बदलले? त्यांनी पुरावा बदलला. आज कोलशेतला वारा मोजून 'येथे शीड चालणे अवघड होते' असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो सतराव्या शतकाविषयी बोलत नसून एकविसाव्या शतकातील काँक्रीटविषयी बोलत असेल. चूक साधी आहे, पण तिच्यावर आरमाराच्या हालचालींचा एखादा संपूर्ण सिद्धांत उभा राहू शकतो.

१८/ वारा हा जपण्याजोगा वारसा आहे, ही कल्पना विचित्र वाटते का? नेदरलँड्समध्ये ती कायद्यात आहे. जुन्या पवनचक्क्यांभोवती 'मोलेनबिओटोप' नावाचा पट्टा आखतात. चक्कीपासून साधारण १०० मीटरच्या आत पात्याच्या खालच्या टोकाहून उंच बांधकाम करता येत नाही. पुढे ४०० मीटरपर्यंत अंतराबरोबर उंचीची मुभा वाढत जाते. कारण सरळ आहे : वारा तोडला तर पवनचक्की नुसता पुतळा ठरेल.

१९/ त्याच देशात याच्या उलट उदाहरणही आहे. रॉटरडॅम बंदराजवळच्या कालांड कालव्यात मोठी जहाजे आडव्या वाऱ्याने ढकलली जात. म्हणून १९८० च्या दशकात काठावर २५ मीटर उंचीची आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीची काँक्रीटची वारारोधक रांग उभारली. काठावरची बांधकामे पाण्यावरचा वारा बदलतात, हे तेथे गृहीत धरून वापरले गेले. हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्स साथीनंतर मनोऱ्यांच्या भिंतीमुळे शहराचा वारा कोंडतो का, याची तपासणी नियोजनात आली.

२०/ आपल्याकडे केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. हा नियम वास्तूभोवतीच्या जमिनीचा विचार करतो. बंदराला तेवढे पुरत नाही. बंदर म्हणजे धक्का, पाणी आणि वारा. धक्क्याचे दगड आपण जपू, गाळही काढू. तिसऱ्या अंगाची नोंद कोणाच्याही कागदावर नाही.

२१/ हा प्रश्न भूतकाळापुरता नाही. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे. प्रवासी बोटींना शीड नसेल, पण त्यांच्या उंच बाजूंवर वारा शिडासारखाच धरतो. धक्क्याला लागताना बोट संथ झालेली असते. त्याच क्षणी दोन मनोऱ्यांच्या फटीतून झोत आला तर त्रास चालवणाऱ्याला. धक्का कोठे बांधावा, हे ठरवताना वारा मोजला पाहिजे.

२२/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी काय करावे? एक, जुने नकाशे आणि आजचा भूभाग घेऊन, इमारती वगळून, संगणकावर वाऱ्याची प्रतिकृती मांडता येते. अभियांत्रिकीच्या मित्रांना सोबत घ्यावे. दोन, खाडीवर एकाच दिवशी चार-पाच ठिकाणी वारा मोजून ठेवावा, म्हणजे पुढच्या मनोऱ्यानंतर तुलना करता येईल.

२३/ तिसरे काम सर्वांत तातडीचे. चेंदणी कोळीवाड्यात आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत जाऊन वृद्धांशी बोलावे. कोणत्या वळणावर वारा पडतो, कोठे अचानक फिरतो, त्या जागांना काय म्हणत, हे विचारावे. इंजिने आल्यावर या ज्ञानाची रोजची गरज संपली आणि मनोरे आल्यावर ते पडताळून पाहण्याची सोय संपत चालली आहे. ते आता फक्त काही माणसांच्या आठवणीत आहे.

२४/ दुर्गाडीवर जाल तेव्हा तोफा आणि बुरूज पाहून लगेच उतरू नका. दुपारची वेळ साधा, पश्चिमेकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहा. अंगावर येणारा वारा अजून बऱ्याच अंशी मोकळा आहे. समोरचा काठ सखल आहे, तोवरच तो तसा राहील. वेळ, दिशा आणि त्या दिवशीची भरती वहीत लिहून ठेवा. तुमच्या गावच्या बंदरावरही असे काही निरीक्षण असेल, तर खाली जरूर लिहा. (समाप्त)