तारेचं शिंकं

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरी मागे पडते आणि पुढे बोरी येते. तिथल्या मामाच्या घरी लाईट येते ती रस्त्यापलीकडच्या खांबावरून. काळी, अंगठ्यापेक्षा बारीक वायर. गल्ली ओलांडते आणि ओसरीवरच्या लोखंडी पाइपातून घरात शिरते. लहानपणी मला वाटायचं की ही वायर आपली आपणच हवेत उभी आहे. नीट पाहिल्यावर तिच्या वर आणखी एक तार दिसली, करडी, जस्ताचा मुलामा दिलेली, ताणून बांधलेली. या दोघींच्या मध्ये थोड्या थोड्या अंतरावर चिनी मातीच्या पांढऱ्या गुंड्या ओवलेल्या होत्या. आकार शिलाईच्या दोऱ्याच्या रिळासारखा, म्हणून नावही रीळच. वरची तार रिळाच्या भोकातून गेलेली, आणि खालची वायर रिळाच्या खाचेला बारीक तारेने बांधलेली.

एका उन्हाळ्यात ही वायर बदलावी लागली. घाईत कुणीतरी नुसतीच वायर ओढून दिली, वरची तार घातलीच नाही. मृगाआधीच्या वळवाने एका रात्रीत तिचा निकाल लावला. सकाळी ती चिखलात पडलेली होती, आणि खांबावरचा फ्यूज उडालेला होता म्हणून अनर्थ टळला. वायरमन आला, खांद्यावरचं तारेचं भेंडोळं त्याने ओसरीवर टाकलं आणि म्हणाला, "वायर वजन सोसत नाई, मामा. वजन तारेनं सोसायचं, वायरनं निस्ती लाईट आणायची."

या एका वाक्यात मला पुढे विजेच्या लाइनींचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास सापडला. आपली भाषाही हा भेद पाळते. उघडी असते ती तार, अंगावर रबराचं किंवा प्लॅस्टिकचं कातडं घातलेली ती वायर. मूळ अर्थ एकच असलेले दोन शब्द, एक जुना आणि एक इंग्रजीतून आलेला. मराठी माणसाने ते दोन वेगळ्या वस्तूंना वाटून दिले. तारेने वायरीला धरायचं कसं, याचं उत्तर म्हणजे मधली ती गुंडी, आकडी, पट्टा किंवा दांडी. त्या मधल्या वस्तूची ही कुळकथा.

तिचा सगळ्यात जुना पूर्वज आपल्या माजघरात टांगलेला होता: शिंकं. आढ्याला अडकवलेली दोरी, तिच्या टोकाला जाळी, जाळीत दह्याचं मडकं. मातीच्या मडक्याला काठाला धरून लोंबकळत ठेवलं तर काठ निखळेल. शिंकं मडक्याला खालून आणि चहूबाजूंनी धरतं, त्याचा भार दोरीवर घेतं, दोरी तो आढ्यावर टाकते. मडक्याने फक्त दही सांभाळायचं. नाजूक वस्तू कशी टांगावी हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं.

विजेच्या कामात मात्र ही युक्ती यायला वेळ लागला, कारण सुरुवातीला तिची गरजच नव्हती. हिंदुस्थानात विल्यम ओशॉनसी यांनी १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तारयंत्राची लाइन टाकली. तिच्यासाठी त्यांनी वापरली ती जाड लोखंडी सळई. ती आपलं वजन आपणच पेलत होती, आणि संदेशाला लागणारी वीजही इतकी थोडी होती की लोखंडातून ती सहज जायची. भार आणि वीज दोन्ही एकाच लोखंडावर.

टेलिफोन आल्यावर घडी विस्कटली. मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झालं. जगभरच्या शहरांत गिऱ्हाइकं वाढली तशा एकेका खांबावर शेकडो तारा झाल्या. त्या सगळ्या एकत्र गुंडाळून एकच केबल करावी लागली, आणि ओल आत जाऊ नये म्हणून वर शिशाची नळी चढवावी लागली. शिसं हा धातू जड, आणि मऊ. त्याला दोन खांबांमध्ये ताणलं तर ते स्वतःच्या वजनाने हळूहळू लांबत जातं आणि शेवटी चिरतं. मग खांबांमध्ये आधी पोलादी तार ताणायची आणि केबल तिच्याखाली टांगायची, अशी रीत पडली. अमेरिकेत त्यासाठी डांबर लावलेल्या सुतळीचे फास आणि लोखंडी आकडे वापरले. इंग्लंडात कच्च्या चामड्याचे पट्टे वापरले. हेच विजेच्या वायरीचं पहिलं शिंकं.

त्याने लगेच आपल्या खोडीही दाखवल्या. सुतळी आणि चामडं उन्हापावसात कुजायचं. म्हणून पोलादाच्या कड्या आल्या, तर वाऱ्याने केबल हलली की त्या कड्या शिशाला घासायच्या, आणि दिवसाच्या उष्णतेने केबल लांबायची, रात्रीच्या गारव्याने आखडायची, त्यातही घासायच्या. काही वर्षांत प्रत्येक कडीखाली शिशात खाच पडायची आणि खाचेतून पाणी शिरायचं. शेवटी विसाव्या शतकाच्या मध्याला नवी पद्धत रुजली: केबल आणि तार शेजारी धरायच्या आणि दोघींभोवती तिसरी बारीक तार सलग गुंडाळत न्यायची. भार चार-दोन ठिकाणी पडण्याऐवजी सगळ्या लांबीवर पसरला. शिंक्याच्या जाळीचं शहाणपण तेच होतं.

दुसरी शाखा रुळांवरून गेली. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. ट्रामची तार रस्त्यावर आडव्या ताणलेल्या तारांना किंवा खांबाच्या हाताला थेट टांगत असत. मधल्या भागात ती थोडी झोळायची, पण ट्रामचा वेग कमी, म्हणून छतावरची चाकवाली दांडी त्या झोळाबरोबर सुखाने खालीवर व्हायची. रेल्वेला हे परवडत नाही. गाडी वेगात असताना छतावरचा पँटोग्राफ, म्हणजे वीज घेणारी चौकट, तारेला खालून दाबत धावतो. तार झोळलेली असेल तर तो उसळतो, तारेपासून सुटतो, ठिणगी पडते आणि तांबं जळतं. रेल्वेला हवी होती जमिनीला समांतर, अगदी सरळ तार.

आणि सरळ तार निसर्गात नसते. दोन टोकांना धरलेली कुठलीही दोरी झोळतेच. वाळत घालायच्या दोरीवर एक धोतर टाकून पाहावं. दोरी जितकी जास्त ताणावी तितका झोळ कमी होतो, पण ताणही वाढत जातो: झोळ निम्मा करायचा तर ताण दुप्पट लागतो, आणि झोळ शून्य करायचा तर ताण अनंत लागेल. गॅलिलिओने १६३८च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की लोंबणारी साखळी जवळजवळ पॅराबोला काढते. १६९१ साली लायब्निट्स, हॉयगन्स आणि योहान बेर्नुली या तिघांनी दाखवलं की तिचा खरा आकार वेगळा आहे. हॉयगन्सने त्या आकाराला साखळीच्या लॅटिन शब्दावरून नाव दिलं, आणि तेच नाव आज कल्याणच्या यार्डातला कर्मचारी दिवसातून दहा वेळा घेतो: कॅटेनरी.

कारण रेल्वेने झोळाशी भांडण सोडून दिलं. वर एक तार घेतली आणि तिला मनसोक्त झोळू दिलं, तीच कॅटेनरी. तिच्याखाली दुसरी, पँटोग्राफची तार, आणि दोघींच्या मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या उभ्या दांड्या. खांबाजवळ लांब, मध्याकडे आखूड. वरच्या तारेचा झोळ या दांड्या आपल्या लांबीत गिळतात आणि खालची तार सरळ राहते. या दांडीचं नाव ड्रॉपर. बोरीतल्या चिनी मातीच्या रिळाची ती थोरली बहीण.

तिची लांबी हा हिशेबाचा विषय आहे. आपल्याकडच्या २५ हजार व्होल्टच्या मार्गांवर दोन खांबांमधलं अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर असतं. खालची तांब्याची तार १०७ चौरस मिलिमीटर छेदाची. मीटरला साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास वजन, म्हणजे दोन खांबांमधल्या एका गाळ्यात सुमारे ६८ किलो तांबं. दोन्ही तारांना प्रत्येकी हजार किलोचा ताण दिलेला असतो. खांबापाशी दोन्हींमधलं अंतर १.४ मीटर, आणि मध्यापर्यंत वरची तार जवळपास एक मीटर खाली येते. ड्रॉपर ५ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा, आणि दोन ड्रॉपरांमध्ये जास्तीत जास्त ९ मीटर. खालची तार मध्यावर मुद्दाम दहा सेंटिमीटर खाली ठेवतात, कारण पँटोग्राफ तिला तिथे थोडी वर उचलतोच. म्हणून प्रत्येक ड्रॉपरची लांबी निराळी, आधी कोष्टकात काढलेली.

ही वस्तू ताठ असून चालत नाही, हा धडा अमेरिकेत मिळाला. १९०७ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या न्यू हेवन रेल्वेने वर दोन पोलादी तारा, खाली एक, आणि मध्ये त्रिकोणी सांगाडे अशी भक्कम रचना केली. ती इतकी भक्कम झाली की पँटोग्राफ प्रत्येक सांगाड्याखाली आदळायचा. शेवटी त्या तारेखाली आणखी एक तार लवचीक टांगून द्यावी लागली. म्हणून आजचा ड्रॉपर खाली ओढ असताना ताठ राहतो आणि तार वर उचलली गेली की वाकून जागा देतो. सोसताना घट्ट, उचलताना सैल.

हिंदुस्थानात विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली, १,५०० व्होल्टवर. १९२९ साली वीज पुण्यापर्यंत आणि १९३०च्या सुमारास थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत गेली. १ जून १९३०ला दख्खनची राणी सुरू झाली. विद्युत इंजिनाने घाट ओलांडणाऱ्या त्या गाडीचा वरचा सगळा आधार या दांड्यांवर होता. मुंबईच्या लोकलमधून डोकं वर करून पाहणाऱ्याला त्या आजही सलग दिसत जातात. परभणी भागात रेल्वेच्या विद्युतीकरणाचं काम सुरू झालं तेव्हा स्टेशनबाहेरच्या खांबांवर हीच दांडी चढताना मी पाहिली, आणि मला बोरीतली गल्ली आठवली.

बोरीला वीज आली ती मराठवाड्याच्या उशिराच्या वाटेने. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्य वीज मंडळ स्थापन झालं. जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरीचं धरण १९६८ साली पुरं झालं, आणि त्याच्या पायथ्याला २२.५ मेगावॅटचं वीजघर. गावोगाव खांब उभे राहिले ते याच काळात.

त्या खांबांवरच्या उघड्या तारेत हीच नातीगोती आतल्या आत आहेत. ही तार कापून टोक पाहिलं तर मध्ये एक पोलादाची आणि तिच्याभोवती सहा ॲल्युमिनियमच्या तारा पिळलेल्या दिसतात. वीज मुख्यतः ॲल्युमिनियम नेतं; ते तांब्यापेक्षा स्वस्त आणि हलकं, पण ताणाला कच्चं. ताणाचा मोठा वाटा मधलं पोलाद घेतं. ही रचना अमेरिकेत विल्यम हूप्स यांनी १९०७-०८च्या सुमारास काढली. इथे शिंक्याची जाळी मडक्याच्या बाहेर असण्याऐवजी कण्यासारखी मध्ये गेली.

खांबापासून घरापर्यंतची वायरही बहुधा ॲल्युमिनियमची, वर प्लॅस्टिकचं कातडं. तिच्यात पोलाद नाही. म्हणूनच तिला वरची जस्ताचा मुलामा दिलेली तार लागते, आणि मध्ये रीळ लागतं. रीळ चिनी मातीचं असण्यामागेही कारण आहे. उन्हाने प्लॅस्टिक तडकलं आणि वायरीतली वीज बाहेर आली तरी ती तारेवर, तारेवरून पाइपावर आणि पाइपावरून ओल्या हातावर जाऊ नये. रेल्वेच्या ड्रॉपरच्या दोन्ही तारांत वीज असते, त्याला फक्त भार वाहायचा असतो. बोरीतलं रीळ भार वाहतं आणि वीज अडवतंही.

अलीकडे गावात जाड काळ्या, पिळलेल्या केबलीही दिसतात. त्यांच्यात वीज नेणाऱ्या वायरींशेजारीच भार पेलणारी मिश्रधातूची तार पिळलेली असते. फ्रान्स आणि फिनलंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रुजली आणि १९९५ साली तिच्यासाठी आपलं भारतीय मानकही निघालं. खांबावरचा क्लॅम्प फक्त त्या एका तारेला धरतो. बाकीच्या तिच्या अंगाने जातात. उघड्या तारेवर आकडा टाकता येतो, हिच्यावर येत नाही, म्हणून वीजचोरी रोखायलाही ही केबल टाकतात.

त्या दिवशी मामाच्या दारात वायरमनने आधी तारेत रिळं ओवली. मग खाली बसून एकेक रीळ वायरीला बांधत गेला, प्रत्येक ठिकाणी दोन वेढे आणि एक पीळ. मी पलीकडून वायर धरून उभा होतो. एक टोक खांबावर, दुसरं पाइपावर अशी तार ताणून बांधल्यावर त्याने ती हाताने खाली ओढून सोडली. ती झोळली, हलली आणि थांबली; तिच्याखालची वायर तिच्याबरोबर हलली, पण तिला ओढ बसली नाही. "आता येऊ द्या वारं," तो म्हणाला. नंतरच्या कित्येक वळवांत त्या गल्लीतली लाईट गेली, पण ती वायर तुटली म्हणून एकदाही गेली नाही.