ओके : एका चेष्टेचा प्रवास

'ओके' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा टाइप करतो, याचा हिशोब कुणीच ठेवत नाही. पण त्याची सुरुवात मात्र तारखेनिशी सापडते.

२३ मार्च १८३९. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये तेव्हा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची, अशी टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट'मधला ए काढून ओ घातला, सी काढून के घातला, आणि 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ओके अवतरलं. म्हणजे 'सगळं बरोबर' हे सांगणारा शब्दच मुळात चूक!

त्या टुमेतले बाकीचे शब्द विरले. हा तगला तो राजकारणामुळे. १८४०च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. गाव किंडरहूक, म्हणून 'ओल्ड किंडरहूक', म्हणून ओके. समर्थकांनी ओके क्लब काढले. विरोधकांनी आवई उठवली, की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसल्यामुळे ते कागदांवर ओके लिहायचे. ब्युरेन हरले, शब्द जिंकला. आवई मात्र इतकी मुरली, की खरा उगम १९६०च्या दशकात अ‍ॅलन वॉकर रीड या भाषाअभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून शोधावा लागला.

पुढे हा शब्द कुठेही चिकटला. आपल्या ट्रकांमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'मध्ये ओकेचं काय काम, हे विचारलंत तर दहा जण दहा गोष्टी सांगतील. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं म्हणून त्यावर बंदी घातली.

मला जास्त खटकतो तो स्क्रीनवरचा ओके. अ‍ॅपलच्या 'लिसा' कॉम्प्युटरवर आधी 'डू इट' असं बटण होतं. चाचणीत काहींनी ते 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, असं वाचलं. म्हणून तिथे ओके आलं. आज त्याच बटणावर आपण न वाचलेल्या अटी मान्य करतो.

मराठीत 'बरं' म्हणजे ऐकलं, 'चालेल' म्हणजे हरकत नाही, आणि 'हो' म्हणजे हो. तिन्हींची जबाबदारी वेगळी. ओके या तिघांनाही एकाच पोत्यात भरतं. त्यामुळे समोरच्याने होकार दिला की नुसता विषय संपवला, हे कळतच नाही. गप्पांमध्ये ते खपून जातं. पण पैसे, परवानगी किंवा नातं पणाला लागलेलं असेल, तिथे मी 'ओके'वर थांबत नाही. 'हो की नाही?' असं विचारतो.