बदनापूरचा काळा पाषाण आणि वैरागडचे हिरे

जालना जिल्ह्यात बदनापूरच्या परिसरात विहीर खणली, की काळा पाषाण लागतो. त्याच्या पोकळ्यांत कधीकधी पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक मिळतात. 'हा हिरा तर नसेल?' असे मुले हमखास विचारतात. काचेवर ओरखडा काढून याचे उत्तर मिळत नाही. गारगोटीही काचेवर ओरखडा काढते. त्यापेक्षा स्फटिक कोणत्या खडकात सापडला, हे आपण आधी पाहावे. हिरा आणि खडक यांचे हे नाते उलगडायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

अठराव्या शतकापर्यंत जगातील बहुतेक हिरे भारतातून जात. आपल्या महाराष्ट्रातही हिऱ्यांची खाण होती, ती आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथे. या नावाचा वैराशी संबंध नाही. प्राकृतात 'वइर' म्हणजे वज्र, अर्थात हिरा. 'वज्राकर' म्हणजे हिऱ्याची खाण. अकराव्या शतकातील चोळ शिलालेखांत येणारे 'वयिरागरम' ते हेच, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात येथील खाणीची नोंद केली आहे.

कृष्णाकाठची कोल्लूरची खाण याहून पुष्कळ मोठी. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये तेथे गेला होता. सुमारे ६०,००० माणसे राबत असल्याचे तो लिहितो. पुरुष खणत, बायका आणि मुले माती वाहत. पुढे १७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे मिळू लागले, तेही मुख्यतः नदीच्या वाळू-गोट्यांत. नदीने हिरा वाहून आणला हे दिसत होते, पण कोठून?

याचा उलगडा दक्षिण आफ्रिकेत झाला. १८७१ मध्ये किंबर्ली येथे नदीपासून दूर, कोरड्या माळावर हिरे सापडले. वरची पिवळी माती संपली, तेव्हा खाण संपली असे अनेकांना वाटले. परंतु खालच्या निळसर खडकातही हिरे होते आणि तो खडक नळीसारखा खोल गेलेला होता. त्यालाच पुढे 'किंबर्लाइट' हे नाव मिळाले.

हिरा तयार होतो तो सुमारे १५० किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रावरणात. किंबर्लाइटचा शिलारस तेथून वेगाने वर येतो आणि वाटेतले हिरे सोबत आणतो. बदनापूरचा बेसाल्टही शिलारसापासूनच बनला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्याचे थरांवर थर पसरले. मात्र हा शिलारस तुलनेने कमी खोलीवर निर्माण झालेला; हिऱ्याला लागणारा प्रचंड दाब तेथे नसतो. म्हणून त्याच्या पोकळ्यांत नंतर गारगोटी आणि झिओलाइट वाढले, हिरा नव्हे. वैरागड मात्र या लाव्हाच्या थरांबाहेर, बस्तरच्या अतिप्राचीन भूखंडावर आहे. अशा जाड, थंड, प्राचीन भूखंडांच्या तळाशीच हिरा टिकून राहू शकतो.

किंबर्लीच्या त्या एका खड्ड्यातून १९१४ पर्यंत सुमारे २.२५ कोटी टन खडक-माती उपसली गेली आणि हिरे मिळाले सुमारे २,७२० किलो. हे गणित वर्गात मुलांकडून जरूर करून घ्यावे. एका ग्रॅममागे आठ टनांहून अधिक उपसा! हे काम प्रामुख्याने आफ्रिकी मजुरांनी केले. १८८५ पासून त्यांना बंदिस्त आवारांत कोंडून ठेवले जाई. चोरीच्या संशयाने अंगझडती घेतली जाई. कोल्लूरच्या बायकामुलांप्रमाणेच त्यांची नावेही इतिहासात फारशी उरली नाहीत. नावे उरली ती हिऱ्यांची.

वैरागडला आज खाण चालत नाही. खाणीची आठवण गावाच्या नावात तेवढी राहिली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात हिरा येतो तो कार्बनचे एक रूप म्हणून. तो धडा शिकवताना महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लावावा आणि बदनापूर व वैरागड ही दोन्ही ठिकाणे मुलांना शोधायला सांगावीत. रसायन, भूगोल आणि इतिहास हे तीन तास मग वेगळे राहणार नाहीत.