गाठीला अनुभव नसताना

१८८४ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन या गावी, जॉन हेन्री पॅटरसन या कोळशाच्या व्यापाऱ्याने साडेसहा हजार डॉलर मोजून गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या एका रडतखडत चाललेल्या कंपनीचा ताबा घेतला. दुसऱ्याच दिवशी तो विकणाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, वर दोन हजार डॉलर देतो, पण हा सौदा मोडा. विकणारा बधला नाही. फुकट परत दिली तरी ही कंपनी नको, अशी त्याची तऱ्हा होती. पॅटरसनला मग ती चालवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. यंत्राची फिरती विक्री करणाऱ्यांची फौज त्याने आयुष्यात कधी हाताळली नव्हती, आणि तरीही विक्रेत्यांना ठरावीक इलाखा, ठरावीक उद्दिष्ट आणि ठरावीक प्रशिक्षण देण्याची जी रीत आज प्रत्येक औषध कंपनीत आणि विमा कंपनीत दिसते, तिला पक्का आकार मिळाला तो मुख्यतः याच नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. विक्रीप्रमुखाची जागा समोर आलेला, पण तेवढा अनुभव गाठीला नसलेला माणूस आज जी घालमेल अनुभवतो, तिची ही जुनी आणि जरा विनोदी आवृत्ती म्हणायला हरकत नाही. मला यातले पुरते कळत नाही, मग हो म्हणावे की नाही? या धंद्याचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न चुकीच्या जागी लावलेला वाटतो. विक्रीचे नेतृत्व करायला जो अनुभव लागतो तो सबंधच्या सबंध एका माणसाच्या अंगात क्वचितच सापडतो. तो त्या जागेभोवती साठलेला असतो: आधीच्या विक्रेत्यांच्या बोलण्यात, लिहून ठेवलेल्या रीतीत, मालाच्या नावात आणि वाट पाहायला तयार असलेल्या पैशात. तेव्हा उमेदवाराने स्वतःची झडती घेण्याआधी त्या जागेची घ्यावी.

पॅटरसनच्या वाट्याला आलेली जागा तशी ओसाडच होती. गल्ल्याचे यंत्र डेटनच्याच जेम्स रिटी या गुत्तेवाल्याने १८७९ मध्ये काढले होते, आपले नोकर पैसे खातात या वैतागातून. त्यामुळे दुकानातल्या नोकरांना ते यंत्र म्हणजे उघड उघड चोरीचा आळ वाटे. कंपनीची जाहिरातपत्रे मालकाच्या हाती पडण्याआधीच नोकर ती केराच्या टोपलीत टाकत, म्हणून पुढे ती कंपनीचे नाव नसलेल्या साध्या पाकिटांतून पाठवावी लागली. विक्रेत्याने दुकानात यंत्राचा विषय फार न वाढवता मालकाला हॉटेलातल्या खोलीत नेऊन तिथे ते दाखवावे, ही शिकवणही त्यातूनच आली. हे सगळे पॅटरसनला सुरुवातीला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. ते त्याला कळले विक्रेत्यांकडून, त्यातही मेव्हणा जोसेफ क्रेन याच्याकडून. क्रेनची विक्री इतरांपेक्षा सरस होती. कारण विचारले तेव्हा कळले की तो प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तेच बोलणे त्याच क्रमाने बोलतो. ते बोलणे १८८७ च्या सुमारास कागदावर उतरवून त्याची पुस्तिका झाली आणि प्रत्येक विक्रेत्याने ती तोंडपाठ करावी असा दंडक पडला. १८९४ मध्ये डेटनला विक्रेत्यांची शाळा निघाली. इलाख्यात झालेली कुठलीही विक्री त्या इलाख्याच्या माणसाच्या खात्यावर धरायची, हा नियमही पॅटरसनने कटाक्षाने पाळला. विक्रीचे नवे तंत्र त्याने स्वतः शोधले असे यातून दिसत नाही. एका माणसाच्या जिभेवर असलेले ज्ञान त्याने कंपनीच्या मालकीचे केले, आणि नेतृत्व म्हणतात ते बहुधा हेच. स्वतः उत्तम विकणे आणि उत्तम विकणाऱ्याचे काम ओळखून ते इतरांच्या हाती देणे, या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिलीत पारंगत असलेल्याला दुसरी आपोआप येत नाही. ती कुठल्याही विक्रीप्रमुखाला जागेवर बसल्यानंतरच शिकावी लागते, मग त्याने त्याआधी वीस वर्षे माल विकलेला असो वा नसो.

साठवलेला अनुभव नवख्याला किती लवकर उभे करतो हे थॉमस वॉटसनच्या सुरुवातीवरून दिसते. न्यूयॉर्क राज्यातला हा तरुण आधी गाडीतून पियानो, ऑर्गन आणि शिवणयंत्रे विकत हिंडला, मग त्याने बफलोला खाटकाचे दुकान घातले आणि ते बुडवले. त्या दुकानात नॅशनलचे यंत्र होते. त्याच्या निमित्ताने तो कंपनीच्या बफलो कचेरीत गेला आणि तिथला प्रमुख जॉन रेंज याच्या मागे लागून १८९६ च्या सुमारास नोकरीला लागला. पहिले काही दिवस त्याच्या हातून काहीच विकले गेले नाही. रेंजने त्याला खरडपट्टी काढून हाकलले नाही, म्हणजे खरडपट्टी काढली, पण मग स्वतः बरोबर घेऊन गिऱ्हाइकांकडे नेले आणि विकून दाखवले. काही वर्षांतच वॉटसन रॉचेस्टरच्या कचेरीचा प्रमुख झाला. इथे माणसाची हुशारी होतीच, ती नाकारून चालणार नाही. पण तीच हुशारी ऑर्गनच्या गाडीवर आणि खाटकाच्या दुकानातही त्याच्याजवळ होती, आणि तिथे ती कामी आली नाही. फरक पडला तो रेंज, पुस्तिका आणि आखून दिलेला इलाखा मिळाल्यावर.

यावर कुणी म्हणेल, हे ठीक आहे, पण कंपनीने तरी जोखीम का घ्यावी? पुरता अनुभव असलेला माणूस केव्हाही बरा. ते बऱ्याच अंशी खरे आहे, आणि सगळी मांडणी नवख्याच्या कौतुकासाठी करण्यात अर्थ नाही. पण अनुभवात काय काय असते, हेही पाहावे लागते. १९०३ मध्ये पॅटरसनने वॉटसनवर एक गुप्त कामगिरी सोपवली. नॅशनलशी काही संबंध नाही असे भासवत त्याने जुन्या यंत्रांचा निराळा धंदा थाटायचा आणि इतर जुनी यंत्रे विकणाऱ्यांना भाव पाडून किंवा विकत घेऊन बाजारातून उठवायचे. ही कामगिरी त्याने चोख बजावली. अमेरिकेतल्या गल्ल्याच्या यंत्रांचा बाजार जवळजवळ सगळाच नॅशनलच्या हातात आला, आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली पॅटरसन, वॉटसन आणि कंपनीतले आणखी बरेच जण दोषी ठरले. वॉटसनला एक वर्षाची शिक्षा झाली. तो निकाल पुढे १९१५ मध्ये वरच्या कोर्टात टिकला नाही, हा भाग निराळा. आता या वॉटसनचा अनुभव किती वर्षांचा हे मोजायला गेले तर आकडा भरघोस येतो, पण त्यातली काही वर्षे तरी त्याने पुन्हा कधी करू नये अशाच कामाची होती. अर्जावरच्या वर्षांमध्ये कौशल्य आणि खोड अशी वेगवेगळी लिहिलेली नसतात. ‘पुरता अनुभव’ मागणाऱ्या कंपनीला हे कळत नसेल असे नाही, पण वर्षे मोजणे सोपे जाते.

आता उलट बाजू. जागेभोवती काहीच साठलेले नसेल तर? आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण किर्लोस्करांच्या नांगराचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवीत. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबर, रामूअण्णांबरोबर, त्यांचे सायकलींचे दुकान होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून माल पाठवायचा, रामूअण्णांनी तो विकायचा आणि घेणाऱ्याला सायकल चालवायलाही शिकवायचे, अशी वाटणी सुरुवातीला होती. सायकल कशी विकावी हे त्या घराला कळत होते. लोखंडी नांगर कसा विकावा हे मात्र त्यांनाच काय, इथे कुणालाच कळत नव्हते. १९०३ मध्ये नांगर तयार झाला आणि गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली. लोखंड लागले की जमिनीत विष उतरते, ही शेतकऱ्याची धास्ती होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्या नांगरावर पिकवणाऱ्या माणसाने पहिल्या भेटीत ती सोडावी तरी का? या दोन वर्षांत जगातला निष्णात विक्रेता बेळगावात आणून बसवला असता तरी फार फरक पडला नसता असे मला वाटते. शेजारच्या रानात नांगर चालून पीक आलेले डोळ्यांनी पाहणे, एवढ्यानेच ती धास्ती जाणार होती, आणि पीक यायला हंगाम जावा लागतो. दोन वर्षे निभली ती मालक स्वतःच विक्रेता होता म्हणून, आणि कडबा कापण्याच्या यंत्रांसारखा दुसरा माल हाताशी होता म्हणून. एखाद्या पगारी विक्रीप्रमुखाला पहिल्या तिमाहीनंतर जाब विचारला गेला असता, दुसऱ्या तिमाहीनंतर निरोप. आणि पुढे सगळ्यांनी म्हटले असते की त्याला अनुभव कमी पडला.

१९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, त्यानंतर हा अनुभव हळूहळू कागदावर येऊ लागला. तो आणणारे शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, शिक्षणाने चित्रकार. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे आले आणि १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्रक पुढे मराठीतले एक नावाजलेले मासिक झाले, म्हणून त्याची गणना वाङ्मयाच्या इतिहासात होते. ते खरेच आहे, पण व्यापाराच्या इतिहासातही त्याला जागा मिळायला हवी. बेळगावच्या दुकानात दोन भावांपुरते राहिलेले ज्ञान छापील कागदावरून गावोगाव जाऊ लागले, आणि ते नेणाऱ्या माणसाची पहिली विद्या रेषेची होती.

तिसरा प्रकार मुंबईतल्या लिव्हर कंपनीतला. प्रकाश टंडन इंग्लंडमध्ये सनदी लेखापाल होऊन १९३७ मध्ये परतले आणि कंपनीत दाखल झाले, पण त्यांना बसवले गेले ते जाहिरातीच्या विभागात. या विषयाचे त्यांचे शिक्षण नव्हते. अनुभवही नव्हता. मात्र कंपनीकडे साबण आणि वनस्पती तूप विकण्याच्या कसलेल्या रीती होत्या, आणि तिच्या इंग्रज साहेबांना जे दिसत नव्हते ते, म्हणजे हिंदुस्थानी घरातली न्हाणीघरे आणि स्वयंपाकघरे, टंडनांना आतून माहीत होते. एकाकडे जे कमी होते ते दुसऱ्याकडे होते. १९५१ मध्ये ते संचालक आणि १९६१ मध्ये कंपनीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. किर्लोस्करांच्या नांगराशी तुलना केली तर नवखेपणा दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण त्याची किंमत सारखी नाही. लिव्हरमध्ये शिकण्याचा खर्च मोठी कंपनी सहज पेलू शकत होती, बेळगावात तो दोन भावांच्या खिशातून जात होता.

आता या मांडणीवरचा सर्वांत अवघड आक्षेप. ही सगळी यशस्वी माणसे झाली, जे अर्धवट अनुभवावर मोठी जागा घेऊन तोंडघशी पडले त्यांची चरित्रे कुणी लिहिली? आक्षेप मान्य आहे. खुद्द डेटनमध्येच पॅटरसनने जी माणसे तडकाफडकी काढून टाकली त्यांची यादी लांब आहे. चौदाव्या वर्षी लागून कंपनीत अगदी वर चढलेल्या ह्यू चाल्मर्सलाही त्याने घालवले. पण चाल्मर्सला विक्रीचा अनुभव कमी होता असे कुणी म्हणणार नाही, आणि नव्या जागेवर माणूस पडतो तो अनुभवाअभावीच, हे या उदाहरणांतून निघत नाही. मालकाची लहर, भलत्या वेळी बाजारात आणलेला माल, मिळायला हवा होता तो अवधी न मिळणे, हीही कारणे तितकीच दिसतात. आक्षेपाचे दुसरे टोक जास्त टोचते: पॅटरसन आणि लक्ष्मणराव मालक होते, त्यांना कोण काढणार? नोकराला ती मुभा नसते. हे अगदी खरे आहे. मालक स्वतःला जो अवधी देतो तो नोकराला करारात मागून घ्यावा लागतो, आणि तो मागायचा क्षण एकच असतो, होकार देण्याआधीचा.

वॉटसनने तो क्षण वाया घालवला नाही. पॅटरसनने काढल्यावर, शिक्षा डोक्यावर टांगलेली असताना, मे १९१४ मध्ये तो चार्ल्स फ्लिंटने जुळवलेल्या कॉम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग या कंपनीत गेला. ही कंपनी वजनकाटे, हजेरीची घड्याळे आणि हॉलरिथची आकडेमोडीची यंत्रे विकत असे. यांपैकी एकही वस्तू त्याने कधी विकलेली नव्हती. संचालकांना शिक्षेची धास्ती होती, म्हणून अध्यक्षपद मिळाले नाही, जनरल मॅनेजर एवढाच हुद्दा मिळाला, आणि अध्यक्षपद खटल्याचा निकाल फिरल्यावर आले. पण हुद्द्यावर अडून न बसता त्याने पगाराशिवाय नफ्यातला वाटा मागून घेतला. जुन्या माणसांना न काढता आधी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. मग गॅरंटी ट्रस्ट या बँकेकडून ४० हजार डॉलरचे कर्ज काढले ते यंत्रांच्या सुधारणेसाठी. विक्रेत्यांची शाळा, उद्दिष्टे, इलाखे ही डेटनची सामग्री त्याने इथे आणली, गुप्त दुकानाचा प्रकार तेवढा मागे ठेवला. १९२४ मध्ये कंपनीचे नाव बदलून इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स ठेवले गेले, तेव्हा त्याला तिथे दहा वर्षे झाली होती.