‘मेलेल्या’ रीफचा खटला

ऊस म्हटलं की आपल्याला कोल्हापूर-सांगली आठवतं. आजची गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियातल्या उसाची आहे, आणि समुद्राखालच्या प्रवाळाची. या दोघांचा संबंध काय? चुना!

साल 1967. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर उसाचे मळे होते आणि तिथल्या आम्ल जमिनीला चुना लागायचा. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे चुनखडीच. मग एका ऊस उत्पादकाने अर्ज केला, की ग्रेट बॅरिअर रीफमधल्या एलिसन रीफवरून मला चुनखडी काढू द्या. कारण काय दिलं? हा रीफ मेलेला आहे!

बिंगिल बे गावात राहणारे चित्रकार जॉन ब्यूस्ट यांनी याला हरकत घेतली. कवयित्री ज्युडिथ राईट आणि वनांचे अभ्यासक लेन वेब त्यांच्या सोबत उभे राहिले. पण नुसत्या भावनेवर खटला जिंकता येत नाही ना. म्हणून काही तरुण पाणबुड्यांनी थेट समुद्रात उतरून मोजणी केली. ‘मेलेल्या’ रीफवर त्यांना जिवंत प्रवाळाच्या 88 आणि माशांच्या 190 जाती सापडल्या. इनिसफेलमध्ये सुनावणी झाली आणि अर्ज फेटाळला गेला.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही कोणीतरी म्हणतं, ‘हा डेड कोड आहे, उडवून टाक.’ उडवल्यावर रात्री दोनला फोन येतो, कारण भलतंच काहीतरी त्यावर चालू असतं. रीफचं तसंच आहे. वर पातळ जिवंत थर असतो आणि खाली हजारो वर्षांचे मेलेले सांगाडे. त्या सांगाड्यांवरच नवं प्रवाळ रुजतं, त्यांच्या कपारीत मासे लपतात, अंडी घालतात. समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा न व्यापणाऱ्या प्रवाळावर सागरी जातींपैकी सुमारे 25 टक्के जाती अवलंबून आहेत. शिवाय रीफ लाटांची सरासरी 97 टक्के ऊर्जा आधीच अडवतो. म्हणजे किनाऱ्यावरच्या गावांना ही फुकटची संरक्षक भिंतच.

एलिसननंतर तेल काढण्याचं संकट आलं आणि लढा आणखी मोठा झाला. अखेर 1975 मध्ये ग्रेट बॅरिअर रीफ मरीन पार्कचा कायदा झाला, 1981 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ब्यूस्ट मात्र 1971 मध्येच गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. 2017 च्या एका अहवालानुसार हा रीफ वर्षाला 6.4 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर आणि 64,000 रोजगार देतो. यात सर्वात मोठा वाटा पर्यटनाचा. चुन्याच्या पोत्यांतून एवढे पैसे कधी निघाले असते का?

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण 2016 मध्ये समुद्र तापला, प्रवाळ पांढरं पडलं आणि उथळ पाण्यातलं सुमारे 30 टक्के मेलं. त्याच वर्षी कोणीतरी रीफचा ‘मृत्युलेख’ लिहिला आणि तो तुफान व्हायरल झाला. शास्त्रज्ञ वैतागले, कारण बराचसा रीफ अजून जिवंत होता. एकदा ‘मेला’ म्हटलं की वाचवायची जबाबदारीच संपते. 1967 मध्ये हा शब्द चुना काढायला कामी येणार होता, आता हात झटकायला येतो.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘आता काय उरलंय तिथे?’ म्हणालं, तर एवढंच विचारा: खाली उतरून मोजलंय का कोणी?