जड अवजारांची वाहतूक : वजनापेक्षा तोल महत्त्वाचा

शेतीच्या यांत्रिकीकरणाची चर्चा ट्रॅक्टरपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तेथेच संपते. प्रत्यक्षात ट्रॅक्टर हे केवळ शक्तीचे साधन होय. जमीन नांगरणे, ढेकळे फोडणे, सरी पाडणे ही कामे त्याच्यामागे जोडलेली अवजारे करतात. नोकरीनिमित्त शहरात राहून गावाकडची शेती सांभाळणारी अनेक कुटुंबे पुण्याजवळ मोशी येथे भरणाऱ्या 'किसान'सारख्या प्रदर्शनात अवजारे पाहतात आणि पुढे तालुक्याच्या विक्रेत्याकडे खरेदी करतात. कोणते अवजार घ्यावे, अनुदान किती मिळेल, याची चौकशी बारकाईने होते. ते घरी कसे न्यायचे, हा प्रश्न मात्र पैसे भरून झाल्यावर दुकानाच्या आवारात उभ्याउभ्या सोडवला जातो. लाखाच्या घरातील वस्तू आणि ती चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या माणसांचे हातपाय, दोन्ही या घाईत पणाला लागतात.

वजन आणि आकार

नऊ दाती कल्टिव्हेटरचे वजन साधारणपणे २०० ते ३०० किलो असते. सहा फुटी रोटाव्हेटर ४०० ते ५०० किलोच्या आसपास भरतो. दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी नांगरही याच पंक्तीत बसतो. मॉडेलनुसार हे आकडे बदलतात. म्हणून अवजारावरील धातूची पट्टी किंवा माहितीपत्रक पाहूनच वाहन ठरवावे. वाहन किती भार नेऊ शकते, हे त्याच्या नोंदणी प्रमाणपत्रावरून कळते. एकूण मान्य वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा केले की भारक्षमता मिळते. चालक आणि सोबतची माणसेही त्यातच मोजावी लागतात.

२००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस, म्हणजेच सर्वांच्या ओळखीचा 'छोटा हत्ती', सुमारे पाऊण टन माल नेतो. त्या हिशेबाने रोटाव्हेटर त्यात सहज मावायला हवा. अडचण आकाराची आहे. सहा फुटी रोटाव्हेटरची एकूण रुंदी दोन मीटरच्या आसपास जाते, तर या वाहनाच्या हौद्याची रुंदी जेमतेम दीड मीटर असते. आडवे ठेवलेले अवजार दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते आणि त्याची लोखंडी कड शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गुडघ्याच्या उंचीवर येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालासाठी २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जादा वजनासाठीही २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. थोडे जास्त भाडे देऊन मोठा पिकअप किंवा टेम्पो करणे शेवटी स्वस्त पडते.

चढविताना

अवजार हे धान्याच्या पोत्यासारखे सर्वत्र सारखे जड नसते. रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स मध्यावर असला तरी फिरणाऱ्या दांड्याला शक्ती पोचविणारी यंत्रणा एका बाजूला असते. त्यामुळे मध्यभागी दोर बांधून उचलले की ती बाजू खाली झुकते. पलटी नांगराचा भार एका उभ्या चौकटीभोवती गोळा झालेला असल्याने तो जमिनीवर ठेवतानाही कलंडू शकतो. त्यासाठी क्रेनने किंवा चेन ब्लॉकने प्रथम फक्त वीतभर उचलावे, अवजार कोणत्या बाजूला झुकते ते पाहावे, पुन्हा खाली टेकवून साखळी सरकवावी आणि मगच पुढे उचलावे. उचललेल्या अवजाराखाली कोणीही हात-पाय घालू नये. झोका आवरायचा असल्यास लांब दोर बांधून तो दुरून धरावा.

पीटीओचा शाफ्ट काढून स्वतंत्र बांधावा. रोटाव्हेटर आडवा पाडून नेऊ नये, कारण गिअरबॉक्समधील तेल हवेच्या छिद्रातून गळते. हौद्यात पात्यांखाली लाकडी ओंडके द्यावेत. सर्वांत जड भाग मागच्या चाकांच्या किंचित पुढे यावा. तो फळक्याकडे गेला तर वाहनाची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते.

बांधताना

लोखंडावर लोखंड सहज घसरते. युरोपातील मानकानुसार माल पुढे सरकू नये यासाठी त्याच्या वजनाच्या ८० टक्के, तर बाजूला व मागे सरकू नये यासाठी ५० टक्के जोर सहन होईल, असा बंदोबस्त करावा लागतो. म्हणजेच ५०० किलोच्या अवजाराला करकचून ब्रेक लागल्यावर ४०० किलोचा जोर थोपवावा लागतो. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि पात्याच्या धारेवर कापला जातो. साखळी किंवा रॅचेटचा पट्टा वापरावा, तो चारही कोपऱ्यांकडे तिरका ओढावा आणि धारेच्या जागी गोणपाटाची घडी घालावी. पहिल्या चार-पाच किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. हादऱ्यांनी अवजार बसते आणि बांधणी सैल होते.

ट्रॅक्टरला जोडून नेताना

अंतर थोडे असेल तर शेतकरी ट्रॅक्टरच घेऊन येतात. ज्या तीन बिंदूंच्या जोडणीने हे शक्य होते, तिचे श्रेय आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांना जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई आणि फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येई. फर्ग्युसन यांनी अवजार ट्रॅक्टरचाच भाग होईल अशी रचना विकसित केली. १९३९ मध्ये फोर्डच्या ९-एन या ट्रॅक्टरबरोबर ती जगभर पोचली.

शेतात अवजार जमिनीत असते. रस्त्यावर मात्र ते अधांतरी असते आणि तरफेप्रमाणे पुढची चाके उचलू पाहते. एक ढोबळ हिशेब पाहू. ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो, त्यातील ८०० किलो पुढच्या चाकांवर आणि दोन्ही धुरांमधील अंतर दोन मीटर आहे, असे धरू. मागच्या धुरेपासून दीड मीटरवर भार असलेला ६०० किलोचा नांगर उचलला की पुढच्या चाकांवरचे ४५० किलो कमी होतात आणि ३५० किलो उरतात. सुकाणू नीट चालण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के, म्हणजे येथे ४०० किलो, पुढे असावेत असा दंडक आहे. सपाट रस्त्यावरच ही स्थिती असेल, तर चढावर आणि खड्ड्यात ती किती बिघडेल, याची कल्पना करता येते. यावर पुढे वजने लावणे किंवा अवजार वेगळ्या वाहनाने नेणे, हेच उपाय होत.

निघण्यापूर्वी पीटीओ बंद करावा, बाजूच्या साखळ्या ताणून घ्याव्यात, लिफ्ट खाली येऊ नये म्हणून तिचा नॉब बंद करावा आणि दोन्ही ब्रेकची पॅडल एकमेकांना जोडावीत. शेतात वळण्यासाठी ती सुटी ठेवलेली असतात. रस्त्यावर एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गरकन फिरतो. अवजारावर किंवा मडगार्डवर कोणालाही बसवू नये. मागे लाल परावर्तक लावावेत आणि शक्यतो अंधारापूर्वी घर गाठावे.

उतरविताना

विक्रेत्याकडे क्रेन असते, घरी नसते. अवजार पोचले, या समाधानात माणसे सैलावतात आणि चौघेजण खांदा देऊन ते ओढू लागतात. ४०० किलोचे लोखंड घसरू लागले, तर चौघांना ते आवरत नाही. बांधाला किंवा मातीच्या भरावाला वाहन मागे लावून हौदा आणि जमीन एका पातळीवर आणणे हा जुना आणि भरवशाचा उपाय होय. जेसीबी मिळाल्यास साखळी बकेटच्या दातांना न अडकविता उचलण्यासाठी दिलेल्या कडीलाच लावावी. झाडाच्या फांदीला चेन ब्लॉक टांगणे टाळावे. फांदीची ताकद कोणालाच मोजता येत नाही. अवजार नंतर ट्रॅक्टरला जोडताना ट्रॅक्टर मागे येत असेपर्यंत दोहोंच्या मध्ये कोणी उभे राहू नये. ट्रॅक्टर थांबवून, ब्रेक लावूनच पिना घालाव्यात.

अनुदानावर खरेदी केलेल्या अवजाराची नंतर प्रत्यक्ष तपासणी होते. तेव्हा क्रमांकाची पट्टी वाटेत खरवडली जाऊ नये म्हणून ती झाकून घ्यावी.

हे सारे करण्यास तास-दीड तास जादा लागतो आणि भाड्यात काही रुपये वाढतात. तेव्हा दराची घासाघीस करतानाच अवजाराचे वजन, रुंदी, वाहन आणि घरी उतरविण्याची सोय हे चार प्रश्न विचारून घ्यावेत. त्यांची उत्तरे मिळाल्यानंतरच पैसे भरावेत.